बँकांचा एकात्मिक अहवाल आणि आपल्या ठेवी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं नेहमी येणारे प्रश्न

मी बेळगावच्या शहापुरात हिशेबाचं काम करतो, रिटर्न भरणं, छोट्या सोसायट्यांची खाती लिहून देणं असलं. लोक कागद घेऊन येतात आणि उठता उठता विचारतात, "ते बँकेच्या नवीन अहवालाचं काय असतंय ओ?" दरवेळी तेच सांगतोय, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवलं. आणखी एक कारण आहे. आमच्या घरातली एक ठेव चार वर्षं एका संस्थेत अडकून पडली होती, नाव घेत नाही, पण त्या संस्थेचा वार्षिक अहवाल चकचकीत कागदावर छापलेला होता आणि आईनं तो देवघराच्या कपाटात जपून ठेवला होता. तेव्हापासनं अहवाल म्हटलं की मी शेवटच्या पानापासनं वाचायला घेतो.

एकात्मिक अहवाल म्हणजे नेमकं काय? ताळेबंद तर दरवर्षी येतोयच की.

ताळेबंद ३१ मार्चला काय होतं ते सांगतोय, नफा-तोटा पत्रक गेल्या वर्षात काय झालं ते सांगतंय. म्हैस घ्यायला गेल्यावर आपण आज किती लिटर दूध देती एवढंच विचारून पैसे मोजतो का? कितव्या वेताची, वैरण किती खाती, आजारी पडलेली का, आधीचा मालक का विकायलाय, हे सगळं विचारतो, कारण दूध पुढची पाच वर्षं हवं असतंय. एकात्मिक अहवालात बँकेनं ते सगळं एकाच ठिकाणी आणि एकमेकाला जोडून सांगायचं असतं, म्हणजे आमचा धंदा असा चालतो, पैसा इथनं येतो, धोका इथं आहे, माणसं अशी आहेत, आणि याचा पुढच्या नफ्यावर हा परिणाम होईल. यातला "जोडून" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. नाहीतर शंभर पानं झाडं लावल्याचे फोटो आणि शंभर पानं आकडे, मध्ये काही संबंधच नाही, असलं पुष्कळ बघितलंय.

याची चौकट तयार करायला २०१० मध्ये एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली, डिसेंबर २०१३ मध्ये तिनं पहिली चौकट काढली आणि जानेवारी २०२१ मध्ये सुधारून काढली. पुढं ती संस्था दुसऱ्या एका मानक संस्थेत मिसळली आणि ऑगस्ट २०२२ पासनं ते सगळं आयएफआरएस फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं, म्हणजे जगभरचे हिशेबाचे नियम जे बनवतात त्यांच्याच घरात.

ते सहा भांडवलं म्हणतात ते काय?

बँक ज्याच्या जिवावर चालती त्याचे या चौकटीत सहा प्रकार केलेत, त्यांना भांडवलं म्हणतात: आर्थिक, उत्पादित, बौद्धिक, मानवी, सामाजिक व नातेसंबंधाचं, आणि नैसर्गिक. नावं जड आहेत पण बँकेच्या भाषेत सोपं आहे. आर्थिक म्हणजे ठेवी आणि भागभांडवल. उत्पादित म्हणजे शाखा, एटीएम. बौद्धिक म्हणजे सॉफ्टवेअर, कर्ज द्यायची पद्धत, इतकी वर्षं साठलेली माहिती. मानवी म्हणजे काउंटरवरचा क्लार्क आणि गावोगाव फिरणारा वसुलीवाला. नैसर्गिकचं पुढं पुराच्या प्रश्नात सांगतो.

सामाजिक भांडवल मात्र आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. गल्लीतल्या माणसानं "त्या बँकेत ठेव, चांगली हाय" म्हटलं की आपण ठेवतो, ते म्हणजे सामाजिक भांडवल. ताळेबंदात त्याची एक ओळ नसते, आणि ते गेलं की ताळेबंद कितीही भक्कम असला तरी दुसऱ्या दिवशी दारात रांग. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला छोट्या कर्जांच्या जबरदस्ती वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला, कारण आपल्या भागासकट राज्यभर बायकांच्या गटांना वसुलीचा फार त्रास झाला. ज्या संस्था वर्षानुवर्षं फक्त वसुलीची टक्केवारी छापत होत्या त्यांच्या अहवालात हा धोका कुठं दिसत होता? वसुली ९९ टक्के, एवढंच दिसायचं. ती कशी झाली हे दिसायचं नाही.

हे सक्तीचं आहे का?

भारतात नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं ६ फेब्रुवारी २०१७ ला परिपत्रक काढलं, बाजारमूल्यानं वरच्या ५०० लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांनी २०१७-१८ पासनं एकात्मिक अहवाल स्वेच्छेनं द्यावा म्हणून. स्वेच्छेनं, हा शब्द तसाच आहे. त्याच्याशी लोक बीआरएसआर मिसळतात, ते वेगळं. तो जबाबदारी आणि शाश्वततेचा ठरावीक फॉर्म आहे आणि वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासनं सक्तीचा आहे. फॉर्म भरणं आणि आपली गोष्ट आपण जोडून सांगणं यात फरक आहेच.

दक्षिण आफ्रिकेत मात्र २०१० पासनं जोहान्सबर्ग शेअर बाजारातल्या कंपन्यांना "द्या, नाहीतर का देत नाही ते सांगा" असा नियम आला. म्हणून यावरचे बरेचसे अभ्यास तिथलेच आहेत.

आपल्याकडं एचडीएफसी बँक, ॲक्सिस बँक, इंडसइंड बँक यांचे वार्षिक अहवाल एकात्मिक नावानंच निघतात, वेबसाइटवर फुकट मिळतात.

सक्ती नाही तर बँक स्वतःहून एवढा खर्च का करती?

एक, परदेशी गुंतवणूकदार. त्यांना आता नुसता नफा बघून चालत नाही, धोका कुठं आहे ते लेखी पायजे. दोन, उद्या सक्ती होणारच आहे तर आत्ताच सवय लावून घेऊ, हा हिशेब. तीन, दुसऱ्यांनी काढला म्हणून आपणही, हे पण असतंयच. आणि चौथं मला सगळ्यात पटतं, अहवाल लिहायला बसलं की बँकेतल्या बँकेत वेगवेगळे विभाग पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात. कर्जवाल्याला विचारावं लागतं की बाबा तुझी कर्जं कुठल्या नदीकाठी आहेत, आणि त्याला ते आधी कधी कुणी विचारलेलंच नसतं.

बँकेला यातनं खरंच पैशाचा फायदा होतो का? सरळ सांगा.

सरळ सांगायचं तर होतो असं बऱ्याच अभ्यासात दिसतं, पण सगळीकडं नाही आणि सगळ्या बाबतीत नाही.

२०१६ मध्ये ली आणि येओ यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या कंपन्या तपासल्या, त्यात ज्यांचा अहवाल चौकटीला जास्त धरून होता त्यांचं बाजारातलं मूल्यांकन जास्त दिसलं, आणि ज्या कंपन्या जास्त गुंतागुंतीच्या किंवा ज्यांना बाहेरनं पैसा जास्त लागतो त्यांच्यात हा संबंध आणखी घट्ट होता. बँकेपेक्षा गुंतागुंतीचं आणि बाहेरच्या पैशावर चालणारं दुसरं काय असतंय? म्हणून मला हा मुद्दा मोलाचा वाटतो, जरी तो अभ्यास फक्त बँकांचा नव्हता. २०१७ मध्ये मेरी बार्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच कंपन्यांवर काम केलं, त्यात चांगल्या अहवालाबरोबर शेअरची खरेदी-विक्री सोपी होते आणि कंपनीचं मूल्य वाढतं असं दिसलं, पण भांडवल स्वस्त मिळतं असं काही सापडलं नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, झोउ, सिमनेट आणि ग्रीन यांच्या, विश्लेषकांचे अंदाज कमी चुकतात असं दिसलं आणि ज्या कंपन्यांकडं फारसं कुणी लक्ष देत नाही त्यांना भांडवल थोडं स्वस्त पडतं असंही. म्हणजे एका मुद्द्यावर दोघांचं उत्तर वेगळं. लोक यातला सोयीचा तेवढा अभ्यास उचलतात आणि भाषणात सांगतात, तसं करू नये.

आता पैसा कुठल्या वाटेनं येतो ते बघा. बँकेचा कच्चा माल म्हणजे पैसा, आणि तो ती उधारीवर घेती, आपल्याकडनं ठेवी म्हणून, बाजारातनं बाँड म्हणून. समोरच्याला बँकेच्या पोटात काय आहे ते नीट कळलं की तो अंधारात असल्याची जादा किंमत मागत नाही. समजा एखाद्या बँकेकडं ५,००० कोटींच्या ठेवी आहेत आणि विश्वासामुळं तिला व्याज सरासरी ०.१० टक्क्यानं कमी द्यावं लागलं, तर वर्षाला ५ कोटी वाचले. अहवाल काढायला एवढा खर्च येत नाही. पण मधला "विश्वासामुळं" हा शब्द अहवाल छापल्यानं आपोआप येत नाही, तो अहवाल कुणीतरी वाचून खरा निघाल्यावर येतो, आणि त्याला दोन-चार वर्षं जातात. पहिल्या वर्षी बहुतेक बँकांना नुसता खर्चच दिसतो.

साखर कारखान्याचा अहवाल आणि बँकेचा अहवाल यात काय फरक?

कारखान्यात साखरेची पोती मोजता येतात. बँकेची मालमत्ता म्हणजे लोकांनी परत करायची कबूल केलेली कर्जं, आणि ती परत येणार की नाही हे बाहेरच्याला कळत नाही. शंभर रुपयांच्या धंद्यात बँकेचे स्वतःचे असतात आठ-दहा रुपये, बाकी सगळा दुसऱ्याचा पैसा, म्हणून थोडीशी कर्जं जरी लपवलेली निघाली तरी स्वतःचं भांडवल साफ होतं. पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये तेच बाहेर आलं, एकूण कर्जातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एकाच बिल्डर ग्रुपला दिलेला होता आणि पुस्तकात तो तसा दाखवलेलाच नव्हता. ताळेबंद होता, ऑडिट होतं, सभा पण होत होत्या.

म्हणून बँकेवर आधीच सक्तीची माहिती खूप आहे, बासेलचे म्हणजे बँकांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, रिझर्व्ह बँकेचे नियम. एप्रिल २०१७ पासनं तर बँकेनं दाखवलेला एनपीए (थकलेली कर्जं) आणि रिझर्व्ह बँकेला सापडलेला एनपीए यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक असला तर तोही छापावा लागतो. काही जाणकार म्हणतात की एवढं असताना बँकेच्या बाबतीत स्वेच्छेच्या अहवालाचा जादा उपयोग कमीच. त्यात तथ्य आहे. पण सक्तीची माहिती झालेल्या गोष्टीची असते, आणि पुढं काय होईल ते बँकेच्या तोंडून ऐकायला दुसरी जागा नाही.

चांगल्या बँका असला अहवाल काढतात, का अहवाल काढल्यानं बँक चांगली होती?

हा प्रश्न एका कॉलेजच्या पोरीनं विचारला होता आणि मला फार आवडला. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोला पहाटे फिरायला येणारी माणसं बघा, बहुतेक धडधाकट दिसतात. फिरल्यानं तशी झाली, का मुळात धडधाकट होती म्हणून पहाटे उठून येऊ शकतात? दोन्ही थोडं थोडं असणार. स्वेच्छेच्या अहवालाचं तसंच, ज्या बँकेकडं सांगण्यासारखं आहे, पैसा आहे, माणसं आहेत ती आधी पुढं येती. त्यामुळं अहवालवाल्या बँकांचा मालमत्तेवरचा परतावा (मालमत्तेच्या मानानं नफा) जास्त दिसला म्हणून लगेच अहवालामुळं वाढला असं म्हणता येत नाही. संशोधक यावर उपाय करतात, तीच बँक अहवालाच्या आधी आणि नंतर बघतात, तशाच दुसऱ्या बँकेशी तुलना करतात, पण शंका पूर्ण जात नाही. आणि दक्षिण आफ्रिकेचे आकडे जवळजवळ सक्तीतले, आपल्याकडचे स्वेच्छेतले, ते एकाला एक लावून चालत नाही.

अहवाल छान असून बँक बुडती का?

बुडती. आफ्रिकन बँक जोहान्सबर्गच्या बाजारात लिस्टेड ग्रुपची होती, म्हणजे एकात्मिक अहवालाच्या नियमाखालची. बिनतारणाची छोटी कर्जं द्यायची. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेला तिच्यावर प्रशासक नेमावा लागला. अहवाल म्हणजे विमा नव्हे. विमा वेगळा, तो डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा, एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखापर्यंत, फेब्रुवारी २०२० पासनं. त्याआधी १९९३ पासनं १ लाखच होता.

आमची सहकारी बँक असला अहवाल काढत नाही. मग ती वाईट का?

अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांचे चार स्तर केलेत, १०० कोटीपर्यंत ठेवीवाल्या पहिल्या, मग १,००० कोटीपर्यंत, मग १०,००० कोटीपर्यंत, आणि त्याच्यावर चौथ्या. आपल्या भागातल्या गल्लीतल्या बँकेत पाच-सहा क्लार्क, त्यातला एक कोअर बँकिंग सांभाळणारा, त्यांनी सल्लागार नेमून दोनशे पानं काढायची म्हटली तर सभासदांचा लाभांशच खाऊन टाकतील.

शिवाय सहकारी बँकेचा शेअर बाजारात नसतो, दर्शनी किमतीलाच परत मिळतो, त्यामुळं "शेअर वाढला" हा फायदा इथं नाहीच. इथला फायदा ठेवीत दिसतो. लोक जास्त व्याजासाठी नाही तर विश्वासानं ठेवतात, ठेव मोडत नाहीत, अफवा आली तरी थांबतात. सीमाभागात तर माणूस एक ठेव बेळगावात ठेवतो, एक गडहिंग्लजला नाहीतर चंदगडला, बसनं तासा-दोन तासात पैसा हलवता येतो. अशा ठिकाणी टिकून राहणारी ठेव म्हणजे सोनं. त्यासाठी दोनशे पानं नकोत, आठ पानं पुरतात. कर्जं कुणाला, कुठल्या धंद्याला, थकलं किती, का थकलं, पुढच्या वर्षी भीती कशाची, आणि संचालकांच्या नातेवाइकांकडं काय आहे. खाली संचालकांची सही, की हे आम्ही वाचून जबाबदारीनं देतोय. मूळ चौकटीतही कारभार बघणाऱ्यांचं असं निवेदन मागितलंय.

सौहार्द सोसायटी, पतसंस्था यांचं काय?

त्या बँका नाहीत. डीआयसीजीसीचा ५ लाखाचा विमा त्यांना नाही, रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही. बोर्डवर काहीही रंगवलेलं असो, आधी हे विचारा. आमची ठेव अडकली ती असल्याच ठिकाणी.

पूर आला, ऊस वाहून गेला, त्याचा बँकेच्या अहवालाशी काय संबंध?

सगळा संबंध तिथंच आहे. ऑगस्ट २०१९ आठवा. घटप्रभेनं गोकाक, मलप्रभेनं रामदुर्ग, कृष्णेनं चिकोडी-अथणीकडची गावं, सगळं पाण्यात. ऊस सडला, जनावरं गेली, दुकानातला माल गेला. प्रत्येक उसामागं पीक कर्ज, प्रत्येक दुकानामागं कॅश क्रेडिट. नदीचं पाणी आधी शेतात शिरतं आणि काही महिन्यांनी बँकेच्या एनपीएत शिरतं. नैसर्गिक भांडवल म्हणतात ते हेच, आणि एलईडी बल्ब लावले, कागद वाचवला एवढंच लिहून बँक मोकळी होती तेव्हा मला खरंच राग येतो. एकूण कर्जातलं पूररेषेतलं कर्ज किती ते सांगा ना. निपाणीचा तंबाखू, कारखान्यांचं उसाचं थकीत बिल, उद्यमबागेतल्या फाउंड्रीला गाड्यांच्या कंपन्यांकडनं येणाऱ्या ऑर्डरी, एकेका बँकेची अर्धी कर्जं असल्या एखाद-दुसऱ्या गोष्टीवर टांगलेली असतात.

रिझर्व्ह बँकेनं २८ फेब्रुवारी २०२४ ला हवामानाच्या आर्थिक धोक्याची माहिती जाहीर करायचा मसुदा काढला, त्यात व्यापारी बँकांबरोबर चौथ्या स्तरातल्या नागरी सहकारी बँका पण घेतल्यात. छोट्या बँका त्यात नाहीत, पण पाणी स्तर बघून येत नाही.

अहवाल हातात आला तर काय बघू? मला इंग्रजी पण फारसं येत नाही.

फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत सोडा, नंतर वाचा. मागच्या टिपांमध्ये जा. तिथं पहिल्या वीस ठेवीदारांकडं एकूण ठेवींच्या किती टक्के आणि पहिल्या वीस कर्जदारांकडं एकूण कर्जाच्या किती टक्के, हे दिलेलं असतं. वीस माणसांकडं खूप जास्त असलं तर ती बँक त्या वीस जणांच्या मर्जीवर आहे. मग ढोबळ एनपीए (एकूण थकलेलं कर्ज) आणि निव्वळ एनपीए (त्यातनं बाजूला ठेवलेली तरतूद वजा करून), तीन वर्षांचा, एका वर्षाचा नको. एनपीए एकदम कमी झाला असेल तर वसूल झाला का राइट ऑफ केला, म्हणजे पुस्तकातनं नुसता काढून टाकला, ते बघा, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. ग्राहकांच्या तक्रारी किती आल्या, किती शिल्लक, ते पण तिथंच असतं.

आणि सगळ्यात मोठी खूण. अहवालात एक तरी वाईट बातमी आहे का? "या वर्षी आम्ही ठरवलेलं एवढं झालं नाही, कारण हे" असं एक वाक्य तरी? ज्या अहवालात सगळंच चांगलं आहे तो मी बाजूला ठेवतो. स्वतःहून वाईट सांगायला बँकेला किंमत मोजावी लागती, म्हणूनच त्या सांगण्याला किंमत. गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवा, तेव्हा जे करू म्हटलेलं ते यंदा कुठं दिसतंय का बघा. नुसतंच गायब झालं असेल तर विचारा.

मराठीत मिळतो का?

मोठ्या बँकांचा इंग्रजीत. आपल्याकडच्या काही सहकारी बँका मराठीत, कन्नडमध्ये किंवा दोन्हीत देतात आणि ते फार मोठं काम आहे. हा भाषेच्या वादाचा मुद्दा नाही करत मी. ज्या आजीनं बचत गटातनं साठवून पन्नास हजार ठेवलेत तिला त्या बँकेचा धोका वाचता आला पायजे, मग ती मराठी असो का कन्नड. वाचलाच नाही तर अहवालाचा ठेवीवर परिणाम होणार कसा, आणि परिणाम झाला नाही तर बँक पुढच्या वर्षी खर्च करणार कशाला?

एकात्मिक अहवाल आहे म्हणून त्या बँकेचा शेअर घेऊ का?

तेवढ्यावर नको. किंमत बघा, एनपीए बघा, आणि गरजेचा पैसा घालू नका.

सर्वसाधारण सभेत मी काय विचारू? उठून बोलायला संकोच वाटतो.

मागं एका सभेत माझ्या शेजारी वडगावचे एक मामा बसले होते, आयुष्यभर हातमागावर साड्या विणलेले. अहवाल वाचून मंजूर का म्हटल्यावर सगळ्यांनी मंजूर मंजूर केलं, जेवणाचा वास यायला लागलेला. मामा उठले आणि म्हणाले, "साहेब, पहिल्या वीस कर्जदारांकडं किती हाय तेवढं सांगा, मग जेवतो." सभागृह गप्प झालं. मॅनेजरांनी कागद शोधला, दोन मिनिटं लागली, आकडा वाचून दाखवला. फार वाईट नव्हता. पुढच्या वर्षी तो आकडा चौथ्या पानावर वरच छापून आला, मराठीत आणि कन्नडमध्ये, शेजारी आदल्या वर्षीचा आकडा आणि तो का वाढला याची तीन ओळी कारणं.